परत गेलेला रेडा

पाउलुसचा एकाच आठवड्यात दुसऱ्यांदा फोन आला, तेव्हा लेओकादियाच्या मनात पाल चुकचुकली.

"माना लेओ, बैठकीला तुम्हीच येणार ना? अन् मंगळवारच्या आधीच पोचाल ना?"

"पोचेन. का रे?"

"असंच. एक काम आहे. पण तुमच्या साहेबांच्या कानावर घालू नका हं."

पाउलुस तिच्या धाकट्या बहिणीचा, बेर्ताचा नवरा, म्हणून तिला 'माना', म्हणजे ताई म्हणायचा. माणूस तसा गरीब, पण राहायला नदीपलीकडे, इंडोनेशियात, आणि तिथल्या सरकारी कचेरीत नोकरीला. इकडे लेओकादिया तिमोरच्या परराष्ट्र खात्यात, सरहद्दीच्या वाटाघाटी करणाऱ्या पथकात. नदीच्या दोन्ही काठांवर लोक एकच, सोयरीक एकच. गोऱ्या लोकांनी कधीकाळी कुठेतरी दूर बसून नकाशावर रेघ ओढली आणि मेहुणा परदेशी झाला. त्यात नदीही चावट. मागच्या पुरात तिनं पात्र बदललं आणि मक्याची एक पट्टी इकडची तिकडे झाली. तीच पट्टी मंगळवारी टेबलावर येणार होती, आणि तिच्यावर सध्या पाउलुसच्या चुलतभावाचा नांगर फिरत होता.

पथकाचे प्रमुख आमिल्कार, शिकलेले म्हणून सगळे त्यांना 'दोतोर' म्हणत. त्यांचं बालपण लिस्बनमध्ये गेलं, केस पिकल्यावर मायदेशी आले. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "लहान देशाला विश्वास परवडत नाही." चोवीस वर्षं ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांच्याशी बोलायचं, म्हणजे ताकही फुंकूनच प्यायचं. लेओकादियाला हे पटायचं. दोन भाऊ तिनं त्याच वर्षांत गमावले होते.

शनिवारी तिच्या वडिलांचं वर्ष होतं. त्या दिवशी घरानं अंगावरचं काळं उतरवायचं आणि जेवण घालायचं. बैठकीसाठी राजधानी दिलीहून निघालेले दोतोरही वाटेत कॉफीला तिच्या घरी टेकले. आई ओसरीवर विडा चघळत बसली होती. सून म्हणून लेक नेलेल्या घरानं अशा दिवशी रेडा आणायचा आणि आपण उलट डुक्कर आणि विणलेली वस्त्रं द्यायची, ही रीतच. आधी रेडा येतो, मागून माणसं.

रेडा आला आणि अंगणातली बडबड थांबली. एवढा रेडा या गावानं राजाच्या मयतालाच पाहिला असेल. शिंगं अशी, की एका माणसाच्या कवेत मावू नयेत. दोरी पाउलुसच्या धाकट्या भावाच्या हातात होती, आणि त्या पोराला बोलायचं म्हणजे जिवावर यायचं.

"दादा म्हणाला, दोरी माना लेओच्याच हातात द्यायची."

"एवढा मोठा कशाला?"

"दादा सांगेल. येतोय मागून, दुपारी."

दोतोरांनी कप खाली ठेवला. "लेओकादिया, हे जनावर सरहद्दीपलीकडून आलंय?"

"हो, दोतोर."

"मंगळवारी बैठक, आणि शनिवारी तुझ्या अंगणात हा रेडा." ते एवढंच म्हणाले, आणि पुन्हा कॉफीकडे वळले.

लेओकादियाच्या कानशिलांवर चटके बसले. ते फोन, 'साहेबांना सांगू नका', तुझ्याच हातात दोरी, आणि रीतीला नको इतका मोठा रेडा. सगळं जुळत होतं. संशयाचं हेच तर असतं, त्याला काहीही द्या, तो जुळवून घेतो. मक्याच्या पट्टीची किंमत चार पायांवर चालत दारात आली आहे, याबद्दल तिला शंका उरली नाही. घरात पुरुष नव्हता, दोरी धरायचा मान तिचाच होता. तिनं हात मागे घेतले.

"परत ने."

पोरानं दोरी पुढेच धरली.

"परत ने म्हणते ना! पाउलुसला सांग, मी सरकारी माणूस आहे. बैठक होऊ दे, मग बघू."

आईनं विड्याची लाल पिंक टाकली. "लेओ, रेडाच परत करतेस की आणखी काही, ते एकदा ठरव."

"आई, काळ बदललाय. पाउलुस कचेरीत बसतो. त्याला कळेल."

"त्याला कळेल गं. त्याच्या घराला कसं कळेल?"

"मग काय, नोकरीवर पाणी सोडू?"

पोरानं रेड्याचं तोंड फिरवलं. जनावर जड पावलांनी नदीकडे निघालं, तेव्हा अंगणातल्या बायांनी माना खाली घातल्या. हे लेओकादियानं पाहिलं, पण मनावर घेतलं नाही.

दुपारी बेर्ता आली नाही. संध्याकाळपर्यंतही नाही. पाउलुसचा फोन बंद. पितळ उघडं पडलं म्हणून तोंड लपवतोय, लेओकादिया मनाशी म्हणाली. सगळ्यांनी काळं उतरवलं, आईनं मात्र उतरवलं नाही. "एक लेक यायचीय," एवढंच म्हणाली. सरहद्दीवरच्या मुक्कामाकडे जाताना गाडीत दोतोर म्हणाले, "तुझ्यासारखी माणसं खात्यात असती ना, तर आपण एवढे लहान राहिलो नसतो." लेओकादियाला खरंच अभिमान वाटला. त्या रात्री तिला छान झोप लागली.

मंगळवारी पुलाच्या इकडच्या टोकाला मांडव घातला होता. टेबलाच्या त्या बाजूला त्यांचे पाच, या बाजूला आपले पाच, मध्ये पाण्याच्या बाटल्या आणि नकाशा. पट्टीवर बोलणं नुकतंच आलं होतं, तेवढ्यात पुलावरून एक बाई चालत आली. अंगावर अजून काळं, डोक्यावर गाठोडं. पोलिसांनी अडवलं, काही विचारलं, आणि का कोण जाणे, सोडून दिलं.

ती बेर्ता होती.

लेओकादिया उठली. "तू? इथे? पोरं कुठेत?"

"पोरं त्यांची. ती तिकडेच राहिली." बेर्ताचा आवाज कोरडा होता. "रेडा परत आला, माना. मग म्हाताऱ्यांनी सांगितलं, त्यांनी नातं तोडलं, आता त्यांची लेक त्यांना देऊन टाका."

"अगं, पण पाउलुस..."

"पाउलुस रडत बसलाय. म्हाताऱ्यांपुढे त्याचं कोण ऐकतं?"

"एवढा मोठा रेडा का पाठवला त्यानं? अन् साहेबांना सांगू नका, असं का म्हणाला?"

"बाबा आठवतात का तुला? माझ्या लग्नात पाउलुसचा रेडा बघून म्हणाले होते, जावईबापू, ही शेळी कुठून आणलीत? सगळं गाव हसलं होतं. त्याच वर्षी यानं एक पारडू घेतलं. हातानं चारलं, नदीत घासून धुतलं. म्हणायचा, सासऱ्याला दाखवीन एक दिवस. बाबा आधीच गेले. मग म्हणाला, त्यांच्या वर्षाला तरी नेईन, माना लेओच्या हातात देईन, ती हसेल बाबांसारखी. जनावराचे कागद नव्हते, म्हणून साहेबांना सांगू नका म्हणाला. एवढंच."

लेओकादियानं समोरचे कागद बाजूला सारले. "मी येते. आत्ता येते तिकडे. सगळ्यांसमोर दोरी मागून घेते."

"कुठली दोरी? परत आलेला रेडा कोणी गोठ्यात ठेवतं का? रविवारीच कापला. गावभर वाटे गेले." तिनं डोक्यावरचं गाठोडं सावरलं. "माझ्यापुढेही ठेवला एक."

दोतोर आमिल्कार खुर्चीतून वाकले आणि लेओकादियाच्या कानाशी कुजबुजले, "ही कोण? ऐन बैठकीत पाठवलीय. त्यांचा काही डाव तर नाही ना?"

"नाही, दोतोर," लेओकादिया म्हणाली. "ही माझी बहीण. मीच परत बोलावलीय तिला."

तिनं बेर्ताच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवून घेतलं. ते फारच हलकं होतं.