मिंक आणि रघुवीरची गाठ

ब्रिस्टलच्या मराठी मंडळींत रघुवीर पाटणकरचं नाव दोन गोष्टींसाठी घेतलं जायचं. एक, त्याने ऑपरेशन करून बसवलेले खुबे, आणि दुसरं, त्याने बांधलेल्या बॅगा. खुब्यांबद्दल थोडेफार मतभेद होते. बॅगांबद्दल नव्हते.

भारतात जायच्या आदल्या रविवारी लोक सहकुटुंब त्याच्याकडे यायचे. तो बॅगेवर गुडघा रोवायचा, निळी नायलॉनची दोरी उभी-आडवी घ्यायचा, बॅगेच्या मुठीतून ओवायचा आणि शेवटी अशी गाठ मारायचा की विमानतळावरची माणसं तिला नुसता हात लावून बॅग पुढे ढकलत. ती गाठ सुटते कशी, हे कुणी कधी विचारलं नाही.

रिटायर झाल्यावर त्याने गावाबाहेर ओढ्याकाठी घर घेतलं आणि सुहासिनीवहिनींनी तीन बदकं घेतली. मालू, शालू आणि कुसुम. ही रघुवीरच्या बहिणींची नावं आहेत. "तेवढीच आठवण राहते," असं वहिनींचं म्हणणं. बहिणी नागपूरला असतात. त्यांना अजून कळवलेलं नाही.

दोन हजार चारच्या मेमध्ये बँक हॉलिडेला जोडून रजा घेऊन मी लंडनच्या हॅरोहून त्यांच्याकडे गेलो, तेव्हा रघुवीरने दार उघडलं आणि म्हणाला, "मालू गेली."

मी बूट काढता काढता थांबलो.

"बदक," वहिनी आतून म्हणाल्या. "वन्सं ठणठणीत आहेत. सकाळीच फोन होता."

मारेकरी मिंक होता. दिसायला मुंगसासारखा, रंगाने काळपट, पोहण्यात तरबेज. त्याच्या कातड्याचे कोट होतात म्हणून त्याला अमेरिकेतून आणून इथल्या फार्मवर पाळला होता. कोटाचा बेत काहींना पसंत पडला नसावा. ते निसटले आणि ओढ्याओढ्याने स्थायिक झाले.

"म्हणजे आपल्यासारखेच," रघुवीर म्हणाला.

"आपण कुणाची बदकं खाल्ली नाहीत," वहिनी म्हणाल्या.

शालूला रात्री शेडमध्ये कोंडता येत होतं. प्रश्न कुसुमचा होता. ओढ्यावरच्या एका रानटी नराच्या कृपेने ती काठावर काटेरी झुडपांच्या जाळीखाली अंड्यांवर बसली होती. हलवली असती तर तिने अंडी सोडली असती, आणि न हलवावी तर मिंक तिला सोडणार नव्हता.

"तीस वर्षं पॅथॉलॉजीत काचेवरचे ठिपके बघितले मी," वहिनी म्हणाल्या. "आता काहीतरी अंड्यातून बाहेर येताना बघायचंय. कुसुमला काही झालं तर मी परत बदकं पाळणार नाही." आवाज अजिबात चढला नव्हता. रघुवीरने ताबडतोब फोन उचलला.

ओढ्याची निगा राखणारं गावचं एक मंडळ होतं, त्यातला कॉलिन तारेच्या जाळीचा लांबट पिंजरा घेऊन आला. दार वर अडकवून ठेवायचं. आतल्या पत्र्याच्या पट्टीवर पाय पडला की दार खाली पडतं. पिंजरा काठावर कुठे ठेवायचा, रोज सकाळी न चुकता कसा बघायचा, तोंडाशी आडवी सळई लावून पाणमांजराला बाहेर कसं ठेवायचं, हे त्याने शांतपणे समजावलं. पाणमांजराला या देशात कायद्याचं संरक्षण आहे, मिंकला नाही. दोन लोखंडी खुंट्या देऊन तो म्हणाला, पिंजरा घट्ट बसवा, नाहीतर आतला मिंक धडपड करून पिंजऱ्यासकट पाण्यात जातो.

'घट्ट' हा शब्द कानावर पडल्यावर रघुवीरला पुढचं ऐकायची गरज उरली नाही. कॉलिन गेल्यावर त्याने खुंट्या टोमॅटोच्या रोपांना आधार म्हणून लावल्या आणि माळ्यावरून निळी दोरी काढली.

ते काम बघण्यासारखं होतं. काठावरच्या झाडाच्या मुळीला वेढा, पिंजऱ्याला उभा वेढा, आडवा वेढा, पुन्हा उभा, आणि त्यावर ती गाठ. मला दोरीचं टोक धरायला दिलं होतं. "बघ गिरीश, हलव," तो म्हणाला. मी हलवला. झाड हललं, पिंजरा नाही.

आमिषाला काहीतरी मासळी ठेवा, असं कॉलिन म्हणाला होता. वहिनींनी फ्रीझरच्या तळातून पाच पिशव्यांत गुंडाळलेले सुके बोंबील काढले आणि त्यातले दोन दिले. "वर्सोव्याचे आहेत," त्या म्हणाल्या. "त्याला सांगा."

सकाळी बोंबील नव्हते. मिंकही नव्हता. दार उघडंच्या उघडं.

"पट्टी सेन्सिटिव्ह नाही," रघुवीरने निदान केलं. पट्टी वाकवली, आणखी दोन बोंबील ठेवले. दुसऱ्या सकाळी तेही गेले होते, आणि पिंजऱ्याच्या टपावर मधोमध काळी, पिळदार विष्ठा होती.

"पोच दिलीय," वहिनी म्हणाल्या. मग स्वयंपाकघरातलं उलथनं घेऊन त्या स्वतः ओढ्यावर आल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि उलथन्याने आतली पट्टी दाबली. खट्ट आवाज झाला. दार जागचं हललं नाही. त्यांनी पुन्हा दाबली आणि वाकून बघितलं.

"अहो, दार तुमच्या दोरीत आहे."

"कसं असेल?"

"दाराच्या वर जी कडी आहे ना, तिच्यातून तुम्ही दोरी ओवलीये."

"मुठीतून ओवावीच लागते," रघुवीर म्हणाला. "नाहीतर बॅग—" आणि थांबला.

 जरा पुढे कुसुम जाळीखाली बसून आमच्याकडे बघत होती. 

रघुवीर गाठ सोडवायला बसला. आधी नखं, मग काटा, मग स्क्रूड्रायव्हर.

"दोरी ओली झालीय," तो म्हणाला.

"सुरी आणू?" वहिनी म्हणाल्या.

"सुरी नको. माझी गाठ कापायची नसते."

"वर्षानुवर्षं लोक कापतायत."

"कोण लोक?"

"सगळे. पुण्याला पोचलं की आधी सुरी आणतात, मग पाणी पितात."

त्याने माझ्याकडे बघितलं. "आमच्याकडे विळी वापरतात," मी म्हणालो.

हे पचवायला त्याला जरा वेळ लागला असता, पण तो मिळाला नाही. पलीकडच्या काठावरून काहीतरी पाण्यात शिरलं. दिवसाढवळ्या, घाई न करता, डोकं तेवढं वर ठेवून मिंक सरळ कुसुमच्या जाळीकडे पोहत निघाला. कुसुमने मान लांब करून फुत्कार टाकला, पण उठली नाही. वहिनींनी उलथनं फेकलं. ते त्याच्या नाकासमोर पाण्यात पडलं. मिंकने उलथन्याकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं, आणि पुढच्या वेळी येऊ अशा बेताने वळला.

"सुरी आण," रघुवीर म्हणाला.

वहिनींनी ती एप्रनच्या खिशातून काढून दिली. एव्हाना बराच वेळ ती तिथेच असावी.

गाठ त्याने स्वतः कापली, सर्जन कापतो तशी, एकदाच आणि योग्य ठिकाणी. मग कुणी न सांगता उठला, टोमॅटोच्या वाफ्यातून दोन्ही खुंट्या उपटून आणल्या, आणि पिंजऱ्याच्या तळाच्या जाळीतून जमिनीत ठोकल्या. दार पडतंय की नाही ते वहिनींनी लाकडी चमच्याने तपासलं. उलथनं ओढ्यात होतं. राहिलेले बोंबील आत गेले.

सकाळी मिंक पिंजऱ्यात होता. रात्रभर त्याने धडपड केलेली दिसत होती. आतली माती उकरली गेली होती, पण खुंट्या तसूभरही हलल्या नव्हत्या. बोंबील मात्र त्याने संपवले होते.

पकडलेला मिंक परत सोडायला कायद्याने मनाई आहे, म्हणून कॉलिन एअर पिस्तूल घेऊन आला. कुंपणामागे त्याचं काम एका क्षणात झालं. रघुवीर शेवटपर्यंत त्याच्या शेजारी उभा राहिला. "एवढं तरी करायला हवं," असं काहीसं म्हणाला. परत आल्यावर वहिनींनी त्याच्या चहात नेहमीपेक्षा जास्त साखर घातली.

रघुवीर बॅगा अजूनही बांधतो, आणि गाठही तीच मारतो. हल्ली फक्त प्रत्येक बॅगेबरोबर एक लहानशी सुरी देतो आणि ती हँडबॅगेत ठेवू नका म्हणून बजावतो.

जूनमध्ये हॅरोला वहिनींचा फोन आला.

"भावजी, कुसुमला सहा झाली. आत्ता सगळी रांगेने पाण्यात उतरली. हे काठावर उभे राहून मोजतायत, दर वेळी सातच येतात, कुसुमलापण धरतात."

मी मनापासून अभिनंदन केलं.

"आता नावांचा प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या बहिणी संपल्या. तुम्हाला किती आहेत हो?"

"चार," मी म्हणालो, आणि सगळ्यांची नावं सांगितली. उरलेल्या दोघांसाठी बायकोच्या माहेरी विचारून कळवतो म्हणालो.