छाती दाबायचे वर्ग

डॉक्टर आल्हादांचं अर्धं आयुष्य एकाच प्रश्नात गेलं: हृदय बंद पडलेला माणूस आमच्या कॅज्युअल्टीपर्यंत जिवंत कसा पोचेल? नाशिकला तो पोचतो, पण पिकअपमध्ये, तळपाय चोळून लाल केलेला आणि गेलेला. म्हणून निफाडकडच्या एका गावात आम्ही छाती दाबायला शिकवायचो. डॉक्टर बोलायचे, मी रबरी बाहुला उचलायचे. बायकांनाच शिकवायचं, कारण दिवसा घरी त्याच असतात, हे डॉक्टरांचं संशोधन.

"राखी सिस्टर, एक माणूस जरी वाचला ना, तर हे गावोगाव नेता येईल."

तेजश्री सगळ्यांत पटाईत. पदर खोचून अशी दाबायची की बायका ओरडायच्या, "अगं हळू, नवऱ्यावरचा राग त्याच्यावर नको काढू!"

एका दुपारी आमच्या कॅज्युअल्टीसमोर पिकअपमधून तिचाच सासरा उतरवला. डॉक्टरांनी पुष्कळ वेळ छाती दाबली. काही उरलं नव्हतं. बाहेर तेजश्री भिंतीला टेकून उभी, डोक्यावर पदर.

"तू घरी होतीस?"

"व्हते."

"मग दाबलं का नाहीस?"

"मामांच्या अंगाला हात कसा लावू, डॉक्टर? कधी तोंड वर करून बोलले नाय त्यांच्याशी. नुसती हाका मारत राहिले, कुणीतरी दाबा म्हणून. गडीमाणसं आली, त्यांनी पाय चोळले."

इतक्या वर्षांच्या संशोधनात सासरा कुणाला सुचलाच नव्हता. मी स्वतः नर्स, पण सासऱ्यांना गोळी वाटीत ठेवून देते.

"दाबलं असतं तर वाचले असते का?" तिनं विचारलं. शेजारी तिचा नवरा गोरक्ष, खाली बसलेली सासू. सगळे डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होते. याचं 'हो' हे उत्तर ते प्रत्येक वर्गात घसा ताणून देत.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "झटकाच मोठा होता. दाबून उपयोग नव्हता."

तेजश्री मटकन खाली बसली आणि रडायला लागली. सासूनं तिला जवळ ओढलं.

पुढच्या वर्गाला मारुतीच्या देवळात सतरंजी आम्हीच अंथरली. कुणी आलं नाही. शेवटी वर्गातल्याच लंकाबाई हंडा घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या.

"डॉक्टर, तुम्हीच म्हणले ना गोरक्षाला, दाबून उपेग नाय? मग बायांचं काम कशाला मोडता?"

मी तोंड उघडलं. डॉक्टरांनी हातानंच मला थांबवलं.

"खरं आहे, लंकाबाई," ते म्हणाले, आणि बाहुल्याशेजारी बसून राहिले.