येसूबाईंच्या धवल्याला माझी साथ

मी एक जुना मिडी कीबोर्ड आहे. एकसष्ट पट्ट्या, डाव्या हाताला बोटाने फिरवायची दोन चाके आणि पाठीला तारेसाठी गोल खाचा, असा माझा थाट. लोक मला सरसकट 'कॅसिओ' म्हणतात. मित्रांनो, हा अपमान मी वर्षानुवर्षे गिळतो आहे. कॅसिओच्या पोटात आवाज असतो, माझ्या पोटात नसतो. कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, एवढा निरोप मी तारेतून आवाजाच्या डब्याला देतो. सूर तो डबा काढतो.

हे ठाऊक नसल्यामुळे माझे सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले. मुंबईच्या एका स्टुडिओतून १९९४ साली मला त्या डब्यासकट कमलाकांतने बोईसरला आणले. तो मूळचा सातपाटीचा, इथल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन. त्याने डबा बाजूला ठेवला आणि मला थेट स्पीकरला जोडले. मी गप्प! तीन रविवार त्याने माझे पोट उघडून ब्रशने साफ केले. शेजारी म्हणाले, फसलास. मग माझी रवानगी कपाटावर झाली.

एके दिवशी तो कारखान्यातून धावतच घरी आला. "आरे, पॅनलचं हिरवं बटन मी हिकडं दाबतो, पंप भिंतीपलीकडं चालू होतो. हा बी नुसता बटनांचा पॅनल हाय! मोटर त्या डब्यात हाय!"

त्याने तार जोडली, पट्टी दाबली आणि खोलीत बासरी वाजली. माझा ऊर भरून आला. माझ्या धन्याच्या डोक्याचे कौतुक मी आजही करतो. पुढे तो जमेल तसा शिकला, पण फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर. काळ्यांना तो भीत असे.

त्याची आत्या येसूबाई सातपाटीची नावाजलेली धवलारीण, म्हणजे लग्नात धवले, विधींची पारंपरिक गाणी, गाणारी बाई. तिच्या गळ्यात गाठ आली. मंगळवारी मुंबईत ऑपरेशन ठरले. आवाज परत येईलच असे नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. आणि वैशाखात तर तिच्या लेकीचे, पुष्पलताचे लग्न. निदान कॅसेटवर तरी आईचा धवला हळदीला असावा म्हणून ऑपरेशनआधीच्या रविवारी दोघी बोईसरला कमलाकांतकडे आल्या.

कमलाकांतने डब्यातली टिकटिक सुरू केली.

"ही पाल कोन बोलते रे?" येसूबाईंनी विचारले.

"ताल हाय तो, आते. त्याच्यावर गायचं."

"धवला टिकटिकीवर नाय चालत, पोरा. जेवडा श्वास, तेवडी ओळ."

टिकटिक बंद झाली. टेप सुरू करून कमलाकांत माझ्यावर साथीला बसला. येसूबाईंचा एक नेम होता. उचललेला धवला अर्ध्यावर टाकायचा नाही आणि तोच धवला एका दिवसात दुसऱ्यांदा उचलायचा नाही. तिसऱ्याच ओळीला त्यांचा आवाज फाटला.

"आये, ऱ्हाऊ दे गो," पुष्पलताने हात धरला.

त्यांनी मान हलवली आणि खालच्या सुरात गाणे पुढे नेले. कमलाकांतची बोटे अडली. तो सूर काळ्या पट्ट्यांवर होता! मग त्याला माझे सूर उतरवायचे बटण आठवले. त्याने ते दोनदा दाबले. बोटे त्याच पांढऱ्या पट्ट्यांवर, पण सूर दोन पायऱ्या खाली, अगदी आत्याच्या गळ्याशी. पट्ट्या तो इतक्या हलक्या दाबत होता की तिचा श्वास माझ्यावरून ऐकू यावा. धवला पुरा झाला. पुष्पलता रडत होती.

ऑपरेशन झाले. येसूबाई वाचल्या, आवाज गेला. विश्रांतीला त्या बोईसरला राहिल्या. दुपारी त्या एका बोटाने माझ्या पट्ट्या चाचपत बसत. मला वाटे, म्हातारीचा वेळ जातो आहे.

वैशाखात कमलाकांतने मला डब्यासकट सातपाटीच्या मांडवात नेले. हळदीला कॅसेट लागली. पण धवलारणीने ओळ म्हणायची आणि बायकांनी ती मागून उचलायची, त्यावरच हळद लावायची, ही तिथली रीत. कॅसेट कोणासाठी थांबेना. बायका मागे पडल्या, मग गप्पच झाल्या. कॅसेट संपली तेव्हा हळदीची वाटी तशीच होती. पुष्पलता खाली मान घालून बसली होती.

येसूबाई उठल्या. माझ्यासमोर बसून, आपल्या नेमाप्रमाणे, त्यांनी एका बोटाने दुसऱ्याच धवल्याची ओळ वाजवली आणि थांबल्या.

"आये, हा तर हळदीचं पानी भरायचा धवला!" पुष्पलता ओरडली.

बायकांनी ओळ उचलली. त्यांचा श्वास संपेपर्यंत येसूबाई थांबल्या, मगच पुढची ओळ वाजवली. पुष्पलताला हळद आईच्याच धवल्यावर लागली. एवढा मान माझ्या जातीच्या दुसऱ्या कोणाला मिळाला असेल असे मला वाटत नाही.

मित्रांनो, मला धूळ आणि खारी हवा सोसत नाही, वाजवून झाले की फडके टाकत जा. पण यंत्रे दुरुस्त होतात, गळा होईलच असे नाही. तुमच्या घरात कोणी गाणारे असेल तर आजच त्याच्याजवळ बसा आणि त्याची ओळ संपली की मागून उचला.