सात नंबरची गल्ली

“कोण हाय हा? नाव-गाव इचार त्याचं. ये म्हणावं इथं, ओट्यावर!”

कडुबाकाका माझ्या मोबाइलवर बोट आपटत होते. काच फुटेल म्हणून मी तो ओढून घेतला. ज्याच्यावर एवढा संताप चालला होता, त्या खेळाडूनं आमच्या गेमखाली एवढंच लिहिलं होतं : ‘एक तारा. म्हातारा वॉल्व्ह फिरवायला फार वेळ लावतो. त्याला पळवायचं बटण द्या.’

“पळवायचं बटण!” काका म्हणाले. “बत्तीस वर्षं लाइनमन व्हतो मी. झटक्यात वॉल्व्ह फिरवला की पाइप फुटतो, हे त्याच्या बापाला तरी ठाऊक हाय का? लिही असं.”

मी लिहिलं. बाप तेवढा वगळला.

मी गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करते. आमचा मालक मिहिर याचा ‘गडझुंज’ नावाचा डावपेचांचा गेम बरा चालला होता. त्यात वेढा पडलेल्या गावाला पाणी पुरवायचा एक टप्पा होता. तेवढाच उचलून मी एक वेगळा, चिमुकला गेम केला, ‘पाण्याची पाळी’. लहानपणी टीव्हीला जोडून खेळायचो तशी चौकोनी चौकोनी चित्रं, पिपाणीसारखं संगीत आणि दीड तासात खेळ खल्लास. एक टाकी, सात गल्ल्या, सात वॉल्व्ह. ते फिरवणारा टोपीवाला कडुबा. नाव खरं ठेवलं, कारण माणूस खरा होता. आमच्या भागाला पाणी सोडायचे तेच. लातूरला रेल्वेनं पाणी गेलं त्या २०१६च्या उन्हाळ्यात कुठल्या नंबरच्या वॉल्व्हचे किती आटे, म्हणजे फेरे, उघडायचे, हे त्यांना अजून तोंडपाठ होतं. लाइनमन गल्लीचं नाव घेत नाहीत, नंबरानंच बोलतात. म्हणून नकाशा मी मनानं काढला, आकडे मात्र त्यांचे जसेच्या तसे घातले.

सात नंबरची गल्ली सगळ्यात उंचावर. ती कधीच पूर्ण भरत नाही. किती का डोकं लावा, हंडे अर्धेच. “सातला अर्धंच जायचं. खोटं दावू नको,” असं काकांनी मला बजावलं होतं. त्या खरेपणाचा मला कोण अभिमान!

खेळाडू मात्र खवळले. ‘चित्रं बघून लहानपण आठवलं, पण जिंकताच येत नसेल तर खेळायचं कशाला?’ ‘सुरू झाला म्हणेपर्यंत संपला. गेम आहे की जाहिरात?’ ‘सात नंबरमध्ये चूक आहे, दुरुस्त करा.’ सकाळी मिहिरचा फोन आला. “संध्याकाळपर्यंत सात नंबर भरून टाक, स्वरदा. एक आकडा तर बदलायचाय. लोकांना जिंकायचं असतं.” मी चिडले. ज्याचं नाव वापरलंय त्याला विचारल्याशिवाय मी एक आकडाही हलवणार नाही, असं सांगितलं आणि भर उन्हात स्कूटी काढून मुकुंदवाडीला काकांकडे आले.

“पुढचं वाच,” काका म्हणाले.

पुढचं वाचायला नको होतं. ‘कडुबा लबाड आहे. सातचं पाणी मधेच कुठंतरी मुरतंय.’

काका उठून उभे राहिले. “लबाड? मी?”

“अवो, हळू. गल्ली ऐकतीया,” आतून वच्छलाबाई, त्यांच्या पत्नी, म्हणाल्या.

“ऐकू दे! पोरी, मी लागलो तव्हा सात गल्ल्या व्हत्या, सुटलो तव्हा तेरा. बिल्डिंगावर बिल्डिंगा उठल्या, पाइप त्योच. उन्हात कातडं जळालं, पन कुनाचा नारळसुदिक घेतला नाय मी. टाकीतच पानी नसल तर कडुबा काय घरून आननार? लिही त्याला, सात नंबर भरूच शकत नाय. कुनाच्या बापाच्यानं भरला नसता. अन् तुझ्या त्या मालकाला सांग, आकडा बदलला तर माझं नाव काढून टाक. खोट्या जितीवर माझं नाव नको.”

मी भराभर लिहीत होते. त्यांचा राग मला मनापासून पटत होता. घरी एसीत लोळत चार तारे कापणाऱ्यांना पाण्याची पाळी म्हणजे काय ते कळणार कसं? आता या वेळी बाप वगळायचा नाही, असंही मी ठरवलं.

तेवढ्यात नवं मत येऊन पडलं. पाच तारे! हिमानी नावाच्या कुणा मुलीचं होतं. काकांना जरा बरं वाटेल म्हणून आधी स्वतः न वाचताच मी मोठ्यानं वाचायला लागले.

‘छोटा आहे पण मस्त. सात नंबर भरत नाही म्हणणाऱ्यांसाठी : तीन नंबर पूर्ण बंद करा. तीनचे आटे चाराच्या खाली गेले की तिथले चेहरे लाल होतात आणि ओरडतात, म्हणून सगळे तिथंच थांबतात. घाबरू नका. ते नुसते ओरडतात, करत काही नाहीत. चित्रात बघा, त्यांच्या घरी हौद आहेत. सात काठोकाठ भरते.’

“हॅट्!” काका म्हणाले. “तीन बंद करत नसतेत.”

“का?”

“नसतेत म्हणजे नसतेत. तीनचे चार आटे ठिवायचेच. मला कचरू उस्तादानं शिकवलं, त्याला त्याच्या उस्तादानं.”

“वरून हुकूम होता?”

“नाय.”

“साहेबांनी कधी सांगितलं होतं?”

“नाय म्हणलं ना एकदा!” काका माझ्यावर ओरडले. आजवर ते मला कधी ओरडले नव्हते. मग त्यांनी हात पुढं केला. “दे इकडं.”

अंगठ्यानं त्यांनी तीन नंबर फिरवायला घेतला. चार आट्यांवर अंगठा थांबला. मग तीन, दोन, एक, बंद. तीन नंबरचे चौकोनी चेहरे लालबुंद होऊन टीटी करायला लागले. मी त्यांना दुसरं काही करायला शिकवलंच नव्हतं, कारण काकांनी मला ‘लई ओरड व्हते’ एवढंच सांगितलं होतं. इकडे सात नंबरचे हंडे एकेक करून काठापर्यंत भरले. ‘गडझुंज’मधली विजयाची पिपाणी मी काढायला विसरले होते, ती वाजली.

“काका, तीन नंबर म्हणजे कुठली गल्ली?” इतक्या दिवसांत मी हे विचारलंच नव्हतं.

“तुमची. बंगल्यांची लाइन. तुझे बाबा, शेजारचे नानासाहेब, समदे. कुनी शब्दानं बोललं नाय मला कधी. तुझे बाबा च्या द्यायचे, खुर्चीवर बसवून.”

तो चहा मीच आणून द्यायची. त्या उन्हाळ्यात आमच्या अंगणातली जास्वंदसुद्धा वाळली नव्हती. आधी मला काकांचा राग आला, मग बाबांचा. मग माझा इतका आला की मोबाइल हातात धरवेना. सकाळपासून लोकांवर काढत होते तो सगळा राग फिरून आमच्याच दारात आला होता.

“सातला दगडाबाई व्हती,” काका खाली बसत म्हणाले. “सत्तरीची आसल. वॉल्व्हपाशी येऊन बसायची. ‘कडुबा, थोडं सोड की रं.’ मी म्हणायचो, मावशे, माझ्या हातात काय हाय? अन् ती मानायची. वरून त्या अर्ध्या हंड्यातलं तांब्याभर मलाच द्यायची, उन्हातून आला म्हणून.”

“मग?”

“मग काय? प्यायचो मी.”

मिहिरचा फोन वाजला. मी तो कापला.

“काका, हिमानीला उत्तर नको देऊ या. राहू द्या.”

“का बरं? बाकीच्याइला दिलं ना? लिही. म्हणावं, बाई, तुमचं बरुबर हाय. तीन नंबर बंद करता येत व्हता. मला कुनी अडवलं नव्हतं.”

मी लिहिलं.

“अन् त्या लबाड म्हणनाऱ्याला लिहिलं ते पूस.”

पुसलं.

“आता खाली नाव टाक. पुरं टाक. कडुबा सांडू गाडेकर, लाइनमन.”

लाइनमनच्या आधी ‘निवृत्त’ लिहू का, असं मी विचारलं.

“नको,” ते म्हणाले. “तव्हा नव्हतो.”