अर्धा नंबर कमी

"तुझी सगळ्यांत चांगली भिंगं पाठव, मावशी," असं भाचीनंच सांगितलं होतं.

चष्म्याची भिंगं हातानं घासणाऱ्यांनाही आता परवाना लागणार होता. त्या नियमातली मोजमापाची कलमं सरकारी खात्यातल्या या भाचीनंच लिहिली होती. एका कारखान्याच्या भलत्याच नंबराच्या चष्म्यामुळे बसचालकानं माणूस चिरडला होता. ती फाइल तिनं वाचली होती. मावशीचीही नियमाला ना नव्हती. "माझी काय, डोळे झाकून पास होतील," म्हणून स्वतःच हसली होती.

सहा भिंगं आली. यंत्रानं सहाही नापास केली. प्रत्येकाचा नंबर सोबतच्या डॉक्टरांच्या कागदापेक्षा बरोब्बर अर्ध्यानं कमी. चुका इतक्या एकसारख्या नसतात, हे भाचीला कळत होतं. ती तडक दुकानात गेली. मावशीचं जुनं गिऱ्हाईक, शिंपीकाका, तिथंच बसले होते.

"अगं, ती शिंप्यांची!" मावशी म्हणाली. "कागदावरचा नंबर पुस्तक वाचायचा. यांची मशीनची सुई डोळ्यांपासून हातभर लांब, म्हणून अर्धा उतरवते. चाळीस वर्षांत एकानंही परत आणली नाहीत. याहून चांगली कुठली पाठवू?"

"काका, डॉक्टरांकडून तसा कागद आणा ना."

"डॉक्टर तक्ता वाचायला लावतो. तिथं मशीन डोक्यावर घेऊन जाऊ?" शिंपीकाका उसळले. "डोळे माझे. मला चालतंय, तर सरकारच्या पोटात का दुखतं?"

"तुम्हाला माहीत आहे म्हणून चालतं. त्या बसवाल्याला माहीत नव्हतं."

"मग आम्हाला सोड, कारखान्याला धर."

"तशी सूट लिहिली, तर कारखानाही म्हणेल, आम्ही शिंप्यांसाठीच बनवतो."

काका गेल्यावर मावशी हळूच म्हणाली, "कागदाबरहुकूम सहा घासून दिली, तर बदलशील?"

नमुन्यांच्या कपाटाची किल्ली भाचीच्याच पर्समध्ये होती. तिनं पर्स उचलून खांद्याला लावली.

"राहू दे. मी विचारलंच नाही असं समज."

परवाना नाकारला गेला. पुन्हा अर्ज करायचा तर तीन वर्षांनी. मावशी एकाहत्तरची होती. घासायच्या चाकाला तार आणि मोहर भाचीनंच लावली. तार नीट बसावी म्हणून मावशीनं चाक धरून ठेवलं.

पुढं काकांचा चष्मा फुटला. नवा त्यांनी कारखान्याचा घेतला, त्याच कारखान्याचा. त्याच्याकडे आता परवाना होता. भाचीनं काकांच्या दुकानात जाऊन तो मोजला. नंबर अगदी अचूक होता.

काकांनी चष्मा चढवला, सुईपाशी दोरा धरला आणि मान खाली घातली. आणखी खाली. कपाळ मशीनला टेकलं.

"हं," ते म्हणाले, "आता दिसतेय."