लंबूभाऊजींची साक्ष

सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणणारा माणूस फारच आशावादी असला पाहिजे. काकूंना थांबून तिसरं वर्ष लागलं होतं. नवरा लढाईतल्या जखमेनंच गेला, हे लष्कराच्या मंडळानं मान्य केलं तर पूर्ण पेन्शन. नाहीतर भाड्याच्या दोन खोल्या सोडायच्या आणि सुनेच्या स्वयंपाकघरात तिच्या कपाळावरच्या आठ्या बघत दिवस काढायचे.

मंडळ म्हणत होतं, माणूस तापानं गेला. कमरेत राहिलेला बॉम्बचा तुकडा वर्षानुवर्षं पू गाळत होता, याची कुठेच नोंद नव्हती. असणार कशी? दरवर्षी तपासणीला स्वारी गुळगुळीत दाढी करून जायची, काठी दाराबाहेर काकूंच्या हातात द्यायची आणि डॉक्टरसमोर ताठ चालायची. साहेबापुढे लंगडायचं नाही, हा पलटणीचा शिरस्ता. घरी आल्यावर मात्र उशी तोंडात धरून विव्हळायची.

घरच्यांशिवाय हे पाहिलेला एकच माणूस उरला होता, लंबूभाऊजी. पलटणीतला जोडीदार. त्यांनीच जखमी मित्राला पाठीवर घालून आणलं होतं, आणि पुढे दर रविवारी येऊन पट्टीही बदलली होती.

"भाऊजी, पाहिलंत तेवढंच सांगा. मीठमसाला नको," काकूंनी बजावलं.

"वहिनी, तुम्ही निर्धास्त राहा."

सुनावणीच्या दिवशी टेबलामागे बसलेल्या तिघांपैकी मधला अधिकारी गणवेशात होता. त्याला पाहताच म्हातारे भाऊजी खाडकन सावधान झाले.

"त्यांना जखमेचा त्रास व्हायचा?"

"त्रास?" भाऊजींची छाती फुगली. "वाघ होता, साहेब. शेवटपर्यंत कधी हूं की चूं केलं नाही."

"चालता यायचं?"

"तरण्या पोरांना मागे टाकायचा."

"अहो भाऊजी, पट्ट्यांचं सांगा ना," काकूंना राहवेना.

भाऊजींनी मान वळवली नाही. "किरकोळ होतं ते, साहेब. बायकामाणसं घाबरतात."

अधिकाऱ्यानं सगळं लिहून घेतलं. मग उठून, मोठ्या आदरानं, भाऊजींशी हात मिळवला.

बाहेर आल्यावर भाऊजींचे डोळे पाणावले होते. "वहिनी, राखली ना त्याची लाज?"

या माणसाच्या थोबाडीत द्यावी असं काकूंना वाटलं. पण त्याच माणसानं नवऱ्याला जिवंत घरी आणलं होतं.

"राखलीत, भाऊजी," त्या म्हणाल्या. "आता सामान बांधायलाही तुम्हीच या."