तोताराम मास्तरची मिशी

तोतारामला सगळा गाव मास्तर म्हणायचा, पण त्याला मास्तर नेमलं होतं कुणी? कुणीच नाही. धुळ्याला मॅट्रिक होऊन गडी गावी परतला आणि सातवीच्या फायनलला बसणाऱ्या तीन पोरांना आपल्याच ओट्यावर शिकवू लागला. तेही फुकट! बाप उखर्डू आबा कपाशीतून घरी आला की खेकसायचा, "फुकटनी शिकवणी अन् घरनी भाकर! एक जरी पोर नापास व्हई ते शिकवणी बंद. मुकाट्याने औत धर!"

तोताराम तरी कुणाचा पोरगा? मिशीला पीळ देत म्हणाला, "आबा, एक बी नापास व्हई ते हाई मिशी काढी टाकसू."

आता बाप जिवंत असताना मिशी काढायची नसते, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण तावात आलेल्या माणसाला सांगणार कोण?

निकाल शिंदखेड्याला लागला. दोघे पास झाले आणि तानुबाईचा नथ्थू गणितात आपटला. मिशी गेली तर परत उगवते हो, पण शिकवणी? नथ्थूसारख्या पोरांना मग विचारणार कोण? तरी शब्द तो शब्द. गावच्या न्हाव्याला तोंड दाखवायला नको म्हणून तोतारामने शिंदखेड्याच्या बाजारातच जीवराम न्हाव्यापुढे बैठक मारली.

"मिशी काढ."

जीवरामचा वस्तरा हवेतच थांबला. "म्हणजे... आबा?"

तोतारामच्या डोळ्यांपुढे नथ्थूचं रडकं तोंड. त्याने नुसती मान खाली घातली. जीवरामने समजायचं ते समजून घेतलं. त्यात बाजारचा दिवस, आणि न्हाव्याच्या तोंडाला कुलूप कुणी पाहिलंय?

दाढ दुखते म्हणत तोताराम रात्रभर तोंडाला उपरणं गुंडाळून पडला. सकाळी वेशीपासूनच हंबरडा ऐकू आला. पुढे आबाची सख्खी बहीण सुंदरबाई, मागे अर्धा तालुका.

"मना भाऊ रे! मले सोडीसन कोठे गया रे!"

तोताराम मागच्या गोठ्याकडे धावला. आबा बैलाला वैरण टाकत होता. धावण्यात उपरणं सुटलं. आबाने पोराचा बोडका ओठ पाहिला, ओट्यावरचं रडणं ऐकलं आणि सगळं उमजून हात उगारला. बहिणीचा आवाज पुन्हा आला तसा तो हात तिथेच थांबला.

"दम धर," आबा कुजबुजला. "आयकू दे जरासं."

बापलेक भिंतीला कान लावून बसले. रडणाऱ्यांपैकी कुणाला आबाने बहिणीला घेतलेलं लुगडं आठवलं, कुणाला त्याने विहिरीतून काढलेला बैल आठवला. आबा मान डोलावत होता, गालात हसत होता. लबाड म्हातारा! मग तानुबाईचा सूर लागला.

"देवमाणूस व्हता वं! आबा व्हता म्हणीसन मास्तरनी मना नथ्थूले फुकट शिकाडं. आते कोन शिकाडी?"

आबाचं हसू मावळलं. त्या शिकवणीला त्याने रोज शिव्या घातल्या होत्या आणि पुण्य मात्र बाईने त्याच्याच पदरात टाकलं होतं. म्हाताऱ्याला मनातून लाज वाटली. तो तडक ओट्यावर गेला.

"मी जित्ता शे!"

बायका किंचाळल्या. सुंदरबाईने भावाला चाचपून पाहिलं आणि मग चप्पल काढून तोतारामला सगळ्या अंगणात पळवलं. दम लागल्यावर तिने मिशी काढल्याचं कारण विचारलं, तेव्हा पैजेची गोष्ट बाहेर पडली. नथ्थू आईच्या पदराआड लपला.

तानुबाई घाबरत म्हणाली, "मंग शिकवणी बंद का, आबा?"

आबाने आपल्या पांढऱ्या, झुपकेदार मिशीवरून हात फिरवला.

"बंद कसाले? नथ्थू परत बसी. अवंदा नापास व्हई ते मिशी मी काढसू. मना बाप कव्हयनाच मरी गया, कोनी रडाले येवाव नही."